छतात मडकी आणि चोपलेली भुई

आज हप्ता, व्याज, पासबुक यांतलं काही नाही. आज एका शाळेच्या इमारतीबद्दल बोलायचं आहे. आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने, अजून शिक्षण चालू असतानाच, ती आपल्या गावासाठी बांधली.

आर्किटेक्चर म्हणजे इमारत कशी असावी ते ठरवण्याची विद्या. दक्षिणेला दार नको, ईशान्येला संडास नको, असं सांगत फिरणाऱ्या वास्तुवाल्यांचा इथे काही संबंध नाही. भिंत कशाची करायची, छपराचा आकार कसा ठेवायचा, आत वारा, उजेड आणि आवाज कसा वागेल, हे ही मुलं शिकतात.

या विद्यार्थ्याचं नाव दिएबेदो फ्रान्सिस केरे. आफ्रिकेच्या पश्चिमेला बुर्किना फासो नावाचा देश आहे. तिथेही बाजरी आणि ज्वारीच पिकते, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. त्या देशातल्या गांदो गावात १९६५ साली त्यांचा जन्म झाला. गावात शाळा नव्हती. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना शिकायला दुसऱ्या गावी पाठवलं. शाळेत जाणारं गांदोतलं ते पहिलं पोर. तिथला वर्ग सिमेंटचा, ना उजेड ना वारा, आणि शंभरावर मुलं त्यात कोंबलेली. पुढे आपल्याला यापेक्षा चांगली शाळा बांधायची, हे त्यांनी त्या घामाच्या खोलीतच मनाशी धरलं.

आता नीट ऐका, ही गोष्ट आपल्या गटाची आहे. सुट्टी संपवून हा मुलगा शाळेला परत निघाला की गावातली एकेक बाई लुगड्याच्या गाठीत जपलेलं शेवटचं नाणं काढून त्याच्या हातावर ठेवायची. लुगडं मी म्हणते, त्यांचा पेहराव वेगळा, पण गाठ तीच. त्याने आईला विचारलं, या सगळ्या माझ्यावर इतकी माया का करतात? आई म्हणाली, तुझ्या शिक्षणाला त्या हातभार लावतायत. तू शिकशील, परत येशील, गावाचं जगणं सुधारशील, या आशेवर. केरे यांनी हे स्वतः भाषणांत सांगितलं आहे. आपण याला अंतर्गत कर्ज म्हणतो. त्यांनी कागद न करता दिलं.

१९८५ साली सुतारकाम शिकण्याची शिष्यवृत्ती मिळून ते जर्मनीत बर्लिनला गेले. दिवसा सुतारकाम, रात्री शाळा. १९९५ ला तिथल्या तंत्र विद्यापीठात दुसरी शिष्यवृत्ती मिळाली आणि आर्किटेक्चर सुरू झालं. इतर मुलं कागदावर आणि पुठ्ठ्यावर इमारती करत होती. यांच्या डोक्यात गांदो. १९९८ मध्ये त्यांनी वर्गणी गोळा करायला एक संस्था काढली. नावाचा साधा अर्थ, गांदोसाठी शाळेच्या विटा. २००१ मध्ये शाळा उभी राहिली. पदवी हातात पडली २००४ ला, म्हणजे शाळा आधी, पदवी मागून.

गावाला वाटलं, पोरगा परदेशातून आलाय, आता काचेची आणि सिमेंटची इमारत करणार. हा म्हणाला, माती. लोक हिरमुसले. मातीची भिंत पावसात किती टिकते हे त्यांना विचारायला नको होतं. त्यांच्याच झोपड्या दर पावसाळ्यानंतर लिंपाव्या लागायच्या.

मातीचा उदोउदो करणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या भागात माती म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. मातीत रचलेले दगड, वर जडशीळ माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. माझी आई अजूनही मातीच्या घरात रात्री झोपायला तयार होत नाही. तेव्हा गांदोच्या लोकांचा संशय मला चुकीचा वाटत नाही. प्रश्न माती चांगली का वाईट हा नसतो. ती कशी बांधलीय, वर किती ओझं आहे, आणि पाणी कुठून शिरतं, हे बघायचं असतं.

केरे यांनी हेच बघितलं. माती चाळून त्यात थोडं सिमेंट मिसळून दाबाच्या साच्यात विटा पाडल्या. छपराचा पत्रा भिंतींच्या बराच बाहेर काढला, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागत नाही आणि ऊनही नाही. पत्रा आणि वर्ग यांच्यामध्ये मातीच्या विटांचं दुसरं छत घातलं आणि पत्रा त्याच्यावर उंच उचलून धरला. वर्गातली गरम हवा छताच्या फटींतून वर जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. तापलेला पत्रा पोरांच्या डोक्यावर येतच नाही. पत्रा पेलायला मोठ्या तुळया हव्या असत्या तर क्रेन लागली असती, ती आणायची कुठून? म्हणून साध्या सळया जोडून कैच्या केल्या. त्या कापायला आणि वेल्डिंग करायला गावातलेच तरुण शिकले. शिकलेल्यांना पुढे बांधकामाची कामंही मिळू लागली. पायासाठी मुलांनी दगड वेचून आणले, विटांसाठी बायकांनी पाणी वाहिलं.

आणि भुई! गांदोच्या बांधकामात जमीन करताना आधी तरुण ओळीने उभे राहून तासन्‌तास माती ठोकत. मग त्यांच्या आया यायच्या. वाकून, पाणी मारत, लाकडाने चोपत राहायच्या, सगळ्यांचे हात एका तालात. शेवटी दगडाने घोटणाऱ्या बसायच्या. केरे सांगतात, अशी जमीन तान्ह्या बाळाच्या ढुंगणासारखी मऊ होते. आपल्यातल्या ज्यांनी खळं किंवा ओटा चोपून घोटलाय, त्यांना कमरेत काय होतं ते मी सांगायला नको. अशा कामाला कागदावर लोकसहभाग असा एकच शब्द येतो. मला तो शब्द फार तोकडा वाटतो. किती ओल हवी, कधी थांबायचं, कोरडी पडताना चीर जाऊ नये म्हणून काय करायचं, हे बाईच्या हाताला माहीत असतं. ते कारागिराचंच ज्ञान आहे.

पुढे शाळेजवळ वाचनालय काढलं, तेव्हा त्यांनी बायकांना घरची मडकी आणायला सांगितली. तिथली मडकी बायाच घडवतात. मडक्यांचे बूड आणि तोंड कापून ती छत ओततानाच त्यात बसवली. प्रत्येक मडक्याचं एक गोल भोक झालं. त्यातून उजेड खाली येतो आणि गरम हवा वर जाते. खास खिडकीचं सामान नको, वाहतूक नको.

शाळा चांगली चालली. १२० मुलं होती ती पुढे ७०० झाली. २००४ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हा आर्किटेक्चरमधला जगातला सगळ्यात मोठा मान, आणि आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाला तो पहिल्यांदाच.

आता आवाजाचं. इमारत म्हणजे काय ते आपल्याला पहिल्यांदा कुठे कळलं, हे सांगताना केरे आजीच्या खोलीबद्दल बोलतात. मिणमिणता उजेड, आजी गोष्ट सांगतेय, पोरं एकमेकांना चिकटून बसलीत, आणि तिच्या आवाजानेच ती खोली त्यांना जवळ ओढून घेतेय. सुतारकाम आणि विद्यापीठ नंतर. आधी आजीचा आवाज.

आवाज ही बाब बारीक नाही. आमच्याकडच्या एका गटाने मागच्या पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत कर्जाचा ठराव वाचला. वर पाऊस बडवतोय, मागच्या रांगेत आकडा ऐकूच गेला नाही. सह्या सगळ्यांच्या झाल्या. पुढे दोन महिने त्या आकड्यावरून वाद चालला. पत्रा तापतो म्हणून बाया उंबऱ्याबाहेर बसतात, बाहेर बसलेलीला ऐकू येत नाही, आणि जिला ऐकू येत नाही ती बोलतही नाही.

आपल्या बसायच्या खोलीत एकदा टाळी वाजवून पाहा. गुळगुळीत सिमेंट, फरशी आणि पत्रा यांवर आवाज आपटून परत येतो, शब्दावर शब्द चढतो. मग दोन जाड गोधड्या भिंतीला टांगा, खाली सतरंजी अंथरा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक कानालाच कळेल. पावसाच्या आवाजाला मात्र गोधडी पुरत नाही. त्याला पत्र्याखाली दुसरं छत लागतं, तेही जड आणि फटी नसलेलं असेल तितकं बरं. पण फटी बुजवल्या की गरम हवेला वाट उरत नाही, म्हणून भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवावे लागतात. प्रत्येक सोय दुसरीकडे काहीतरी मागते. केरे यांना शिकताना हेच जमवावं लागलं.

घरकुलाचंही असंच. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घर निदान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाची जागा त्यातच. नाव बहुतेक वेळा बाईचं किंवा दोघांचं. पण चुलीचा धूर कुठून जाईल आणि झरोका किती उंच हवा, हे ठरताना नाव असलेली बाई तिथे असते का?

आमच्या ग्रामसंघाच्या खोलीचं काम यंदा व्हायचं आहे. आराखड्यात चार भिंती, वर पत्रा, एक दार, एक खिडकी. आम्ही तीन गोष्टी मागितल्यात. पत्रा दोन हात पुढे काढायचा, वर समोरासमोर झरोके ठेवायचे, आणि पत्र्याखाली बुरुडांकडून तट्ट्या विणून घेऊन त्यावर मातीचा लेप द्यायचा. लेपाचं वजन कैच्यांना पेलेल का, हे आधी इंजिनिअरसाहेबांकडून तपासून घेणार आहोत. गवंडीदादा म्हणाले, असं कुणी करत नाही. त्यांना पुढच्या बैठकीला बोलावलं आहे. बैठक दुपारी दोनला, सध्याच्या पत्र्याच्या खोलीत, आणि त्यांची जागा मधोमध ठेवली आहे.