गिअरपेटीला कोण सांगणार?

माझा एक पुतण्या अमेरिकेत, टेक्सासमध्ये, शेती करतो. गवताचे भारे वाहायला त्याच्याकडे एक जुना शेव्हरले पिकअप ट्रक आहे. १९९४ सालचा, आठ सिलिंडरांचा, पेट्रोलवर चालणारा. दोन वर्षांमागे हा ट्रक काळा धूर ओकू लागला आणि पेट्रोलही फार पिऊ लागला. पुतण्याने फोन केला, "काका, हे इंजेक्शन काढून साधा कार्बुरेटर बसवू का? कॉम्प्युटरची कटकटच नको."

आता मी पडलो जुन्या जमान्यातला मिस्त्री. कार्बुरेटरची जेट फुंकण्यात माझा जन्म गेला. मी आनंदाने म्हटले, "बसव की!" सल्ला माझा, खर्च त्याचा!

पहिली अडचण पंपाची निघाली. त्या इंजेक्शनचा पंप दर चौरस इंचाला दहाबारा पौंड दाब देतो, तर कार्बुरेटरला पाचसहा पुरे. जास्त दाबाने आतली सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाहू लागते. म्हणून दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवला. ठिणगीची वेळही कॉम्प्युटरच ठरवीत असे. तिथे वजनांवर आणि व्हॅक्यूमवर चालणारा जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर घातला. इंजिन झकास सुरू झाले.

पण ट्रक काही नीट चालेना! जागेवरून उठायचा तोच तिसऱ्या गिअरमध्ये, आणि पुढेही तिसराच.

याचे कारण असे. या ट्रकची स्वयंचलित गिअरपेटी फोर-एल-सिक्स्टी-ई जातीची आहे. तिच्यात तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या झडपा असतात, आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर तोच, जो आम्ही काढून टाकला होता. वीज गेली की त्या तिसऱ्या गिअरवर थांबतात, आणि तेलाचा दाब सर्वांत जास्त होतो. हेतू हा की वाटेत बिघाड झाला तरी माणूस घरी पोचावा.

गिअरपेटी सतत एकच विचारीत असते : पाय किती दाबला आहे? १९८२ साली आलेल्या तिच्या थोरल्या बहिणीला, सेव्हन-हंड्रेड-आर-फोरला, याचे उत्तर कार्बुरेटरपासून आलेली एक केबल देई. धाकटीला ते विजेच्या वायरीतून मिळते. आम्ही उत्तर देणारा घालवला, प्रश्न मात्र तसाच राहिला.

शेवटी गिअरपेटीपुरता वेगळा कंट्रोलर विकत आणावा लागला. कार्बुरेटरच्या दांड्यावर एक सेन्सर बसवला. पाय सोडलेला असताना तो सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. हे जुळवताना घाई करू नये. पाय पुरता दाबलेला असून सेन्सर 'थोडाच' म्हणाला, तर तेलाचा दाब कमी पडतो, भाराखाली क्लचप्लेटा घसरतात आणि जळून जातात. ट्रक तर चालत असतो. म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या गाडीची धूर-नियंत्रणाची व्यवस्था काढायला अमेरिकेच्या कायद्याची मनाई आहे. तेव्हा तो ट्रक आता शेताचे फाटक ओलांडीत नाही.

आणि मूळ दुखणे? काढलेली वायरिंग गुंडाळताना पुतण्याला ते सापडले. इंजिनातल्या पाण्याची उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची वायर गंजून तुटली होती. इंजिन तापले तरी कॉम्प्युटर समजे, बाहेर हिमालयाची थंडी आहे; आणि बिचारा पेट्रोल ओतीत राही! तुटलेली वायर जोडायला अर्धा तास पुरला असता.

पुतण्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणून तो मीच आपल्यापुढे कबूल करतो. श्रोतेहो, यंत्रातला एखादा भाग नकोसा झाला, तर तो काढण्यापूर्वी एवढे विचारावे : हा आणखी कोणाकोणाच्या प्रश्नांना उत्तरे देत होता?