दान, छायाचित्र आणि मधला माणूस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दान देणारा हात आणि ते घेणारा हात यांच्यामध्ये पूर्वी फारसे अंतर नसे. गावात अन्नछत्र घालणाऱ्याला पंगतीत कोण बसले आहे ते डोळ्यांनी दिसत असे. आज लंडनमधील एखादी शिक्षिका आपल्या वेतनातून दरमहा काही रक्कम नायजरमधील एखाद्या बालकासाठी देते. ते बालक तिने पाहिलेले नसते आणि पुढेही ती पाहणार नसते. तिच्यापर्यंत पोहोचते ते एक छायाचित्र आणि त्याखालील चार ओळी. हे छायाचित्र आणि या ओळी ज्याच्या हातून जातात, तो आंतरराष्ट्रीय विकास संस्थेतील 'कम्युनिकेशन्स ऑफिसर', म्हणजेच संज्ञापन अधिकारी, हा आजचा विषय आहे.

वरकरणी हे काम कागदोपत्री वाटते. प्रसिद्धिपत्रके काढावयाची, वार्षिक अहवाल सिद्ध करावयाचा, देणगीदारांना वार्तापत्र पाठवावयाचे, पत्रकारांना प्रकल्पस्थळी न्यावयाचे. परंतु या पदावरील व्यक्ती दोन धन्यांची चाकर असते. गावातील कार्यकर्ता सांगतो की विहिरीला पाणी लागले, पण ते उन्हाळ्यापर्यंत टिकले नाही. मुख्यालयाला हवी असते यशोगाथा. या दोहोंमधून जे वाक्य तयार होते, त्यात सत्य किती उरते, हा या व्यवसायातील रोजचा प्रश्न आहे. आणि वाक्यापेक्षाही कठीण प्रश्न चित्राचा आहे.

23 ऑक्टोबर 1984 रोजी बीबीसीने इथिओपियातील कोरेम येथील दुष्काळाचे वृत्त प्रसारित केले. वार्ताहर होते मायकेल ब्यूर्क आणि कॅमेरा होता केनियाच्या मोहम्मद अमीन यांचा. पहाटेच्या धुक्यात बसलेली सहस्रावधी क्षुधार्त माणसे पाहून पाश्चात्त्य जग हादरले. ब्रिटनमधील गायकांनी एकत्र येऊन नाताळचे गीत काढले आणि 13 जुलै 1985 रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी 'लाइव्ह एड' हा महाकार्यक्रम झाला. अपार निधी जमला, असंख्य प्राण वाचले. ही गोष्ट कोणीही लहान मानू नये. मात्र त्या गीताच्या शीर्षकातच 'नाताळ आला हे त्यांना ठाऊक तरी आहे का' अशा अर्थाचा प्रश्न होता. ज्या देशात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून नांदतो आणि जेथे नाताळ 7 जानेवारीला साजरा होतो, त्या देशाविषयीचा हा प्रश्न!

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की त्या चित्रांत युद्ध दिसले नाही. पाऊस पडला नव्हता हे खरे, परंतु मेंगिस्तू यांची लष्करी राजवट उत्तरेतील बंडखोर प्रदेशांत अन्न पोहोचू देत नव्हती, बाजार उद्ध्वस्त करीत होती आणि माणसांना बळाने दक्षिणेकडे हलवीत होती. 'आफ्रिका वॉच' या संस्थेच्या 1991 सालच्या अहवालात या दुष्काळामागील युद्धनीतीचा सविस्तर पंचनामा आहे. सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध उघड बोलणाऱ्या 'मेदसाँ साँ फ्राँतियेर' या वैद्यकीय संस्थेच्या फ्रेंच शाखेस 1985 च्या अखेरीस देशाबाहेर जावे लागले. बोलावे तर रुग्णांना सोडून जावे लागते, गप्प बसावे तर आपल्याच मदतीचा वापर अन्यायासाठी होतो. संज्ञापन अधिकाऱ्याच्या एका पत्रकाची किंमत अशीही असू शकते.

आफ्रिकेचे हे वृत्त ऐकताना ते दूरचे वाटू नये. 1876 ते 1878 च्या दुष्काळात, ज्याची झळ मद्रास इलाख्याबरोबर दख्खनलाही बसली, विलोबी हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडील अस्थिपंजर माणसांना रांगेत बसवून छायाचित्रे काढली. ती आजही संग्रहालयांत आहेत. पुढे छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने हिंदुस्थानातील उपासमारीची चित्रे छापून निधी गोळा केला आणि 'क्विटो' नावाचे जहाज मका घेऊन मुंबईकडे निघाले. त्या मक्याने किती घरांत चूल पेटली असेल! पण आज सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाचे खापरपणजोबा त्या चित्रांत असतील, तर आपली हाडे अमेरिकेतील घराघरांत पाहिली जाणार आहेत हे त्यांना कोणी विचारले असेल, असे मानण्यास आधार नाही.

हा प्रश्न व्यवसायाच्या आतूनच विचारला गेला, ही या व्यवसायाची जमेची बाजू म्हणावी लागेल. डेन्मार्कचे योर्गेन लिसनर यांनी 1981 साली 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' मासिकातील लेखात अशा संस्थांना दुःखाचे व्यापारी म्हटले. माणसाचे उपाशी शरीर जाहिरातीत मांडणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. 1989 साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे व संदेश यांविषयी आचारसंहिता स्वीकारली आणि 2006 साली ती नव्याने लिहिली. युनिसेफच्या नियमांनुसार लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाचे नाव बदलणे आणि चेहरा ओळखू न येईल असा ठेवणे बंधनकारक आहे.

नियम झाले, तरी हिशेब सुटला नाही. रडणाऱ्या बालकाचे चित्र पाठविले की पाकिटे अधिक येतात, ही निधिसंकलन विभागाची तक्रार खोटी नसते. त्या पाकिटांतूनच औषधे येतात. प्रतिष्ठा राखून दहा बालके वाचवावीत, की ती गहाण टाकून वीस, असा प्रश्न जेव्हा टेबलावर येतो, तेव्हा आचारसंहितेचे पान उलटून उत्तर सापडत नाही.

म्हणूनच संमतीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. 'सेव्ह द चिल्ड्रेन' संस्थेने 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ब्रिटन, जॉर्डन, बांगलादेश आणि नायजर येथे, ज्यांची छायाचित्रे काढली जातात त्या माणसांनाच विचारण्यात आले. पुष्कळांनी सांगितले की आपल्यासारख्या इतरांना मदत मिळावी म्हणून आपण होकार दिला. ती माणसे केवळ बिचारी नव्हती, त्या अर्थी तीही दातेच होती. तथापि शिधा वाटणाऱ्या संस्थेचाच माणूस कॅमेरा घेऊन उभा असताना 'नाही' म्हणण्याचे धैर्य कितीजणांना होईल? कागदावरील अंगठा ही संमती नव्हे. चित्र कोठे छापले जाईल, कोण पाहील, हे त्या माणसाच्या बोलीत सांगणे, नकार दिला तरी शिधा थांबणार नाही याची खात्री देणे, आणि छापलेली प्रत त्याच्या हाती परत नेऊन देणे, एवढे झाले तर काही अर्थ. शेवटची गोष्ट सर्वांत क्वचित घडते, कारण परतीच्या त्या प्रवासासाठी अंदाजपत्रकात सहसा रक्कम धरलेली नसते.

आता या पदासमोर नवीच अडचण उभी आहे. 2025 साली अमेरिकेची यूएसएआयडी ही शासकीय मदतसंस्था बंद झाली, अनेक संस्थांचे निधी आटले, आणि माणूस न भेटता, संमती न मागता, संगणकाकडून क्षणात 'दरिद्री बालका'चे चित्र करवून घेण्याचा मोह वाढला. खरा चेहरा नाही, म्हणजे कोणाचा अपमान नाही, असा युक्तिवाद त्यासाठी केला जातो. परंतु 2023 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात काही संशोधकांनी आपला अनुभव मांडला. त्यांनी अशा यंत्रास कृष्णवर्णी आफ्रिकी डॉक्टर गोऱ्या आजारी मुलांवर उपचार करीत असल्याचे चित्र काढण्यास पुनःपुन्हा सांगितले. चित्रांतील रुग्ण मुले बहुतेक वेळा कृष्णवर्णीच निघाली. दीडशे वर्षांत जी चित्रे माणसांनी निवडून छापली, तीच त्या यंत्राने पाहिली होती.