टॉलस्टॉयची सोफिया
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



प्रारंभ तुकोबांच्या आवलीपासून करतो. कीर्तनांतून आपण तिला पाहत आलो ती कजाग, कडाडणारी बायको म्हणून. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणारीही तीच, आणि पोरांच्या तोंडी घास कोठून घालावा या चिंतेने व्याकूळ झालेलीही तीच. पण तिची बाजू तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलीच नाही. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, तिची गतही बरीचशी अशीच झाली. फरक एवढाच की, तिने आपली बाजू लिहून ठेवली होती आणि ती छापली जाण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. ही स्त्री म्हणजे लिओ टॉलस्टॉयची पत्नी, सोफिया आंद्रेयेव्हना.

सोफियाचा जन्म १८४४ चा. वडील मॉस्कोच्या क्रेमलिनमधील राजवैद्य. घरी शिकून तिने मॉस्को विद्यापीठाची शिक्षिकेची परीक्षा दिली होती. लिहिण्याचा नादही होता. लग्नापूर्वी तिने एक लांबलचक कथा लिहिली होती व ती टॉलस्टॉयने वाचली होती. पुढे तिने ती जाळून टाकली. मात्र त्या कथेतील कुटुंबाची छाया ‘युद्ध आणि शांती’मधील रोस्तोव्ह घराण्यावर पडली असावी, असे अभ्यासक मानतात.

सप्टेंबर १८६२ मध्ये टॉलस्टॉयने तिला मागणी घातली आणि आठवड्याच्या आत लग्न लागले. तो चौतीस वर्षांचा, ती अठराची. त्या आठवड्यात त्याने आपल्या तरुणपणाच्या रोजनिशा तिच्या हाती ठेवल्या. आपल्या पत्नीपासून काही लपवू नये, हा त्याचा हेतू. पण त्यांतील भोगविलासाची वर्णने वाचून त्या मुलीच्या मनाला बसलेला धक्का आयुष्यभर ओसरला नाही. सत्य सांगणाऱ्याचे ओझे हलके झाले आणि ते ऐकणारीच्या माथी आले. या संसाराचे सारे पुढचे दुःख मला त्या एका प्रसंगात दिसते.

त्यानंतर ती यास्नाया पोल्यानाच्या जमीनदारी वाड्यात आली. एकंदर तेरा अपत्ये झाली. त्यांतील पाच बालपणीच गेली. ‘युद्ध आणि शांती’चे लेखन १८६३ ते १८६९ या काळात चालले होते. त्याच वर्षांत तिला चार मुले झाली. दिवस मुलांचा, नोकराचाकरांचा, हिशेबाच्या वह्यांचा. रात्री घर निजले की ती मेणबत्तीच्या उजेडात टेबलाशी बसे. टॉलस्टॉयचे अक्षर म्हणजे खोडाखोड, समासांतील भर, ओळींच्या मध्ये खुपसलेली वाक्ये. प्रसंगी त्याला स्वतःलाही ते लागत नसे. ते उलगडून ती स्वच्छ प्रत करी. सकाळी तो ती पुन्हा खोडून टाकी आणि रात्री ती पुन्हा लिहावयास बसे. ही महाकादंबरी तिने सात वेळा उतरवून काढली, असे सांगतात. तो आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पण कित्येक भाग तिने अनेकवार लिहिले, हे निश्चित. शिवाय ती मुकाट्याने नकलणारी नव्हती. वाचताना जे खटके ते ती त्याला सांगे.

पुढे टॉलस्टॉय बदलला. मालमत्ता हे पाप, ग्रंथांचे उत्पन्न हे पाप, असे त्याला वाटू लागले. विचार थोर होता. महात्मा गांधींवरील त्याचा परिणाम आपण सारे जाणतो. पण घरात मुले वाढत होती. त्याने व्यवहार सोडला, म्हणून व्यवहार थांबला नाही. तो सोफियाच्या अंगावर आला. १८८५ मध्ये ती पीटर्सबर्गला जाऊन दोस्तोयव्हस्कीच्या विधवेला भेटली, पतीचे ग्रंथ स्वतः कसे प्रकाशित करावेत ते विचारून घेतले, आणि टॉलस्टॉयच्या समग्र ग्रंथांच्या आवृत्त्या काढू लागली. मुद्रिते तीच तपासी. १८९१ च्या दुष्काळात तिने वृत्तपत्रातून मदतीचे आवाहन केले, तेव्हा रशियातून आणि परदेशांतूनही पैसा आला. त्याचा हिशेबही तिनेच ठेवला.

आता मी या स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण प्रसंगाकडे येतो. टॉलस्टॉयने ‘क्रॉइट्झर सोनाटा’ ही दीर्घकथा लिहिली. मत्सराने बायकोचा खून करणारा नवरा तीत वैवाहिक जीवनावरच आरोपपत्र ठेवतो. कथा सरकारने अडवली, तरी तिच्या हस्तलिखित प्रती घरोघर फिरल्या, आणि लोक सोफियाकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. ही कथा आपल्याच घरावर आहे असे जग समजते, हे तिला कळत होते. तरीही एप्रिल १८९१ मध्ये ती स्वतः झार तिसऱ्या अलेक्झांडरला भेटली आणि समग्र ग्रंथांच्या खंडात ती कथा छापण्याची परवानगी घेऊन आली. आपणच त्या कथेतील अपमानित स्त्री असतो, तर तिच्यासाठी रदबदली केली असती का, हा तिचा जगाला मूक प्रश्न होता.

पण मूक राहणे तिला पुरले नाही. लगेचच्या वर्षांत तिने ‘दोष कुणाचा?’ ही कादंबरिका लिहिली. तिची नायिका ॲना अठराव्या वर्षी आपल्याहून बऱ्याच मोठ्या सरदाराशी लग्न करते. तिला चित्रे काढावयाची असतात, तत्त्वज्ञान वाचावयाचे असते, मनाची सोबत हवी असते. नवऱ्याला तिच्या रूपापलीकडे काही दिसत नाही. एक आजारी चित्रकार तिच्याशी माणसासारखे बोलतो. त्या स्नेहात काही काळेबेरे नसते. नवरा मत्सराच्या भरात टेबलावरचा जड संगमरवरी दाब तिच्या डोक्यात फेकतो आणि ती निरपराध मरते. टॉलस्टॉयच्या कथेत खुनी बोलतो. सोफियाच्या कथेत मारली गेलेली स्त्री जगताना दिसते. शैलीत ती टॉलस्टॉयच्या जवळपासही नाही, हे मान्य करावे. पण त्याच्या कथेत नसलेले एक माणूस तिच्या कथेत आहे. हे लेखन तिने घरच्या माणसांना वाचून दाखवले आणि बाजूला ठेवले. ते रशियात छापले गेले १९९४ मध्ये!

तिची दुसरी कला छायाचित्रणाची. १८८७ नंतर ती काचेच्या जड पट्ट्यांचा कॅमेरा घेऊन हिंडू लागली. चित्रे धुणे, छापणे सारे तीच करी. टॉलस्टॉय, मुले, पाहुणे, शेतकरी, बर्फातील वाडा अशी शेकडो छायाचित्रे तिने मागे ठेवली. लग्नाच्या वाढदिवशी दोघांचे चित्र काढण्याचा तिचा आग्रह असे. उत्तरकाळच्या चित्रांत ती नवऱ्याकडे झुकलेली आणि तो समोर कोठेतरी पाहणारा!

तिचे दोष झाकू नयेत. ती संशयी झाली, पतीची कागदपत्रे चोरून वाचू लागली, जीव देण्याच्या धमक्या देऊ लागली. १८९५ मध्ये धाकटा वान्या सात वर्षे पुरी होण्याआधीच गेला, तेव्हापासून तिचे मन सावरलेच नाही. १९१० मध्ये टॉलस्टॉयने तिच्या नकळत मृत्युपत्र केले आणि ऑक्टोबरअखेरीस, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, रात्रीच घर सोडले. अस्तापोवोच्या रेल्वे स्थानकावर तो आजारी पडला. ती तेथे धावली. पण शिष्यांनी व मुलांनी तिला आत येऊ दिले नाही. खिडकीच्या काचेतून आत डोकावणाऱ्या त्या म्हातारीचे चित्र त्यावेळच्या चलच्चित्रकारांनी टिपले आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर ती त्याच्या उशाशी पोचली, तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती.

त्यानंतर नऊ वर्षे ती यास्नाया पोल्यानात राहिली. ग्रंथालयाची यादी केली, वस्तू जपल्या. हस्तलिखिते तर तिने कितीतरी आधीच संग्रहालयाच्या स्वाधीन केली होती. १९१९ मध्ये ती वारली. टॉलस्टॉय रानातल्या साध्या मातीखाली आहे. ती त्याच्याजवळ नाही, गावच्या स्मशानात आपल्या गेलेल्या लेकरांजवळ आहे. ‘माझे जीवन’ हे तिचे प्रचंड आत्मचरित्र इंग्रजीत २०१० मध्ये आणि मूळ रशियनमध्ये २०११ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले.

टॉलस्टॉयचे थोरपण यामुळे उणे होत नाही. पण त्या थोरपणाची स्वच्छ प्रत कोणाच्या हाताने झाली, हे विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास आता लिहिला जाईल. त्यात अध्यक्षांची आणि चिटणिसांची नावे असतीलच. पण गणेशोत्सवाच्या स्वयंपाकाचा हिशेब कोणी ठेवला, नाटकाच्या नकला रात्री बसून कोणी उतरवल्या, हेही लिहिणाऱ्याने घरोघर जाऊन विचारावे, एवढी विनंती करतो.