पहिला अर्धा तास कोणाचा?



ग्रामीण शिक्षणाविषयीच्या चर्चेत अभ्यासक्रम, अनुदान, नोकरभरती यांचा ऊहापोह पुष्कळ होतो; विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हा साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गुंजण मावळातील एखाद्या वाडीतून भोरला शिकायला येणाऱ्या मुलीचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. पहाटे पाणी भरणे, गोठा आवरणे, चुलीपुढे आईला हातभार लावणे, मग पायवाटेने डांबरी रस्ता गाठणे. एक एसटी चेलाडी फाट्यापर्यंत, दुसरी भोरपर्यंत. पहिली चुकली की दुसरीचा भरवसा नाही आणि सकाळचे तासही गेले. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. त्या दिवसांत हजेरीपटावरील नाव शेतातच असते.

यातून तास-दीड तास उरतो, तोच छंदाचा वेळ. मुले व्हॉलीबॉल, कबड्डी खेळतात, गावच्या ढोल-लेझीम पथकात उतरतात, सुटीच्या दिवशी तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर पालथे घालतात. मुलींच्या वाट्याला यातले फार थोडे येते. त्यांचा छंद बहुधा घरकामाच्या फटीत बसवावा लागतो. शहरी दृष्टीला हे छंद म्हणजे निव्वळ करमणूक वाटते. वस्तुतः गडाच्या वाटा अंधारात ओळखणारी, पाण्याचा अंदाज असणारी, ओझे घेऊन चढ चढणारी ही तरुण पिढी म्हणजे या डोंगराळ मुलखाची मोठी भांडवली ठेव आहे. प्रश्न एवढाच की, ही ठेव संकटाच्या वेळी उपयोगी पडेल अशी व्यवस्था कोणी केली आहे काय?

या मुलखातील संकटांचे स्वरूप पाहावे. पुणे-बंगळूर महामार्ग भोर तालुक्यातून जातो. वरंध घाटाची वळणे महाडकडे उतरतात. भातखाचरांत नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची भीती नित्याची. आणि पाणी तर चहूकडे. वेळवंडीवरील भाटघर धरण 1928 मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे या दोन तालुक्यांत उभी राहिली. भाटघरच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालचा ऊस पिकला, पानशेतच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा धरण वेल्ह्यातले आणि हाहाकार पुण्यातला, असे या दोन्ही भागांचे नाते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. परंतु धरणाकाठी राहणाऱ्यांचे रोजचे मरण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातच राहते. मे 2022 मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच वेळी पाच स्त्रिया बुडून मृत्युमुखी पडल्या, तेव्हा हळहळ झाली आणि विरली. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, हा अशा दुर्घटनांचा नेहमीचा क्रम आहे. धाडस कमी पडत नाही. कमी पडते ते शिक्षण.

बुडणाऱ्याला वाचवण्याचा पहिला नियम पाण्यात उडी न घेण्याचा आहे. काठावरून काठी पुढे करावी, दोर, फेटा वा साडी फेकावी, रिकामा बंद डबा तरंगत सोडावा. बाहेर काढलेल्याचे पोट दाबण्यात वा त्याला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. साप चावला तर घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये. माणसाला धीर द्यावा, हातपाय मोडल्यावर जसा फळीला बांधतात तसा चावलेला अवयव स्थिर करावा आणि चालू न देता झोळीतून दवाखान्यात न्यावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. भाजल्यावर शाई वा दंतमंजन लावू नये. वीस मिनिटे साध्या पाण्याखाली धरावे. हे ज्ञान गुंतागुंतीचे नाही, महागही नाही. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. यांतील बहुसंख्य माणसे खेड्यांतली होती.

वरंध घाट उतरला की बिरवाडी लागते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1976 पासून विंचूदंशाच्या रोग्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यातूनच लाल विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयीचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन या औषधाने त्यांनी असंख्य जीव वाचवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्ञान राजधानीतूनच खेड्यात येते, या समजुतीला हे उत्तर आहे. पण औषध कितीही गुणकारी असले, तरी रोगी जिवंतपणी तेथवर पोहोचला पाहिजे. वाडीपासून दवाखान्यापर्यंतचा तो पहिला अर्धा तास ना डॉक्टरच्या हाती असतो, ना सरकारच्या. तो शेजाऱ्याच्या हाती असतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. रुग्णवाहिका आणि डॉक्टर पुरवणे हे शासनाचे कर्तव्य. ते विद्यार्थ्यांच्या खांद्यावर टाकणे म्हणजे शासनाला मोकळे सोडणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली आणि ती उपकारक ठरली. परंतु आरोग्य केंद्रांचा निकष लोकसंख्येवर बेतलेला आहे: सपाटीवर 30 हजार माणसांमागे एक, डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक. वेल्ह्यासारख्या, ज्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली, त्या विरळ वस्तीच्या तालुक्यात 20 हजार माणसे किती डोंगरांवर विखुरलेली असतात, हे या निकषाला दिसत नाही. माणसे मोजली जातात, अंतर मोजले जात नाही. म्हणून मागणी हीच असली पाहिजे की, केंद्राची जागा ठरवताना पोहोचण्यास लागणारा वेळ हाही निकष धरावा.

मात्र ही मागणी मान्य होऊन दारोदारी दवाखाना आला, तरी बुडालेल्याच्या पहिल्या पाच मिनिटांचा प्रश्न उरतोच. प्रशिक्षण आणि मागणी या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. उलट ज्याने झोळी खांद्यावर वाहिली आहे, तोच तहसील कचेरीपुढे रुग्णवाहिकेची मागणी अधिक ठामपणे मांडू शकतो. त्याच्या बोलण्यात अनुभवाचे वजन असते.

यासाठी नवी योजना लागत नाही. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या नियमित कार्यक्रमात विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास द्यावयाचे असतात. प्रथमोपचारासाठी आठ तास धरले तर तो केवळ पंधरावा हिस्सा होतो. पण हे तास भाषणांत जाऊ नयेत. पुतळ्यावर छाती दाबण्याचा, बांबू आणि कांबळ्याची झोळी करून चढावरून माणूस नेण्याचा सराव व्हावा. वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवावी, नाहीतर लांबच्या वाडीतली मुले, आणि विशेषतः मुली, आपोआप वगळल्या जातील. धुणे आणि पाणी यांसाठी पाण्याशी अधिक संबंध स्त्रियांचा. पोहणे मात्र मुलग्यांनी शिकायचे, ही विषमता मोडल्याशिवाय प्रशिक्षण अपुरेच राहील.

अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून खेड्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशा मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली; 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते संरक्षण आले. कायदा कागदावर आहे. तो महामार्गावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

समाजवादाची चर्चा उत्पादनसाधनांच्या मालकीपाशी सुरू होते आणि ते योग्यच आहे. परंतु जीव वाचवण्याचे ज्ञान हेही एक साधनच आहे. ते आज मूठभरांच्या हाती आहे. चेलाडी फाट्यावर दुसऱ्या एसटीची वाट पाहणाऱ्या त्या मुलीच्या हाती ते आले, तर तिच्या वाडीला डॉक्टर येईपर्यंतचा अर्धा तास मिळेल. डॉक्टर वेळेवर यावा, यासाठी लढण्याचे काम मात्र तिचे एकटीचे नाही. ते आपल्या सर्वांचे आहे.