नवरी मिळत नाही, की सातबारा मिळत नाही?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेली मांडणी)



डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात निघालेला मोर्चा तुम्हांला आठवत असेल. लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, काही जण घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर गेले. आम्हांला नवरी मिळत नाही, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, याचा हिशेब अखेर कुणीतरी रस्त्यावर येऊन मागत होतं.

पण गावच्या पारावर हिशेब वेगळाच मांडला जातो. तिथे सगळा दोष पोरींवर येतो. "पोरी शिकल्या, त्यांना शहरातला नोकरदार पाहिजे, शेणामातीत हात घालायला नको." आपल्या बैठकांना येणाऱ्या आयाही असंच बोलतात, आणि स्वतःच्या लेकीसाठी मात्र नोकरीवालाच शोधतात. म्हणून मला आज एवढंच विचारायचं आहे, की या पोरी नेमक्या कशाला नकार देत आहेत?

मी मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांत काम करते. तिथल्या मुलींच्या गटांत हा विषय निघाला, की "काम नको" असं क्वचितच कुणी म्हणतं. आईबरोबर खुरपायला, कापूस वेचायला त्या लहानपणापासून गेलेल्या आहेत. एका मुलीनं फार नेमकं सांगितलं, "ताई, त्या घरात मला कोण विचारणार? तिथं नवऱ्यालाच कुणी विचारत नाही."

ती म्हणते ते खरं आहे. तीस वर्षांचा मुलगा पहाटेपासून रानात राबतो. जमीन वडिलांच्या नावावर. सोयाबीन विकलं, की पट्टी वडिलांच्या हातात. अर्ध्या एकरात भाजी लावून बघू म्हटलं, की "आमचं आयुष्य गेलं यात, तू शिकवू नकोस". मोबाइलच्या रिचार्जलाही त्यानं हात पसरायचा. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, ठिबकचं अनुदान, सगळं सातबाऱ्यावर मिळतं. २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तोही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. म्हणजे कसणारा हा, पण सरकारदरबारी शेतकरी नाही.

मग हा तरुण पैसा कुठून आणतो? बायकोच्या नावावर. बचत गटाचं नाहीतर मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून बी आणि खत येतं. हप्ता चुकला, की वसुलीवाला तिच्या दारात उभा राहतो. जमिनीवर तिचं नाव नाही, कर्जावर मात्र आहे. आपण बचत गट चालवणाऱ्या बायकांनी हे कर्ज खरोखर कुणाच्या शेतात जातं, याचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

आता म्हाताऱ्यांचंही ऐकू या. सासरा हा खलनायक आहे असं समजून चालणार नाही. एक आजोबा मला म्हणाले, "सातबारा दिला, अन् उद्या भाकर नाही दिली तर?" त्यांना ना पेन्शन, ना फंड. सरकारची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांनंतर, तीही अगदी गरिबांसाठी, आणि महिन्याला १५०० रुपयांची. जमीन हीच त्यांची म्हातारपणाची काठी, आणि तीही झिजत चालली आहे. महाराष्ट्रात सरासरी वहितीचं क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरवर आलं. एवढ्याशा तुकड्यावर दोन पिढ्यांनी जगायचं, म्हणून दोघीही घाबरलेल्या. आणि या ओढाताणीत सासूचं नाव तर कुठेच नाही. चाळीस वर्षं राबून ती आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या मर्जीवर.

कायदा बाईला काय देतो? महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे लेकीला हक्क आहे तो माहेरच्या जमिनीत, जी ती कसत नाही. आणि जी ती रोज कसते त्या सासरच्या जमिनीत, नवरा जिवंत असेपर्यंत तिचा स्वतःचा हक्क नाही. माहेरचा हक्कही "माहेर तुटेल" या भीतीनं हक्कसोडपत्रावर सही करून सुटतो. देशातल्या एकूण वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्के, असं तीच कृषिगणना सांगते. रानात बघा, काम करणाऱ्यांत त्या किती दिसतात.

पतीच्या जमिनीवर पत्नीचं नाव लागावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावागावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. शासनानंही १९९२ मध्ये पतीच्या संमतीनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याचं परिपत्रक काढलं. पण नवऱ्याचंच नाव लागलेलं नसेल, तर बायकोचं कुठून लागणार? म्हणून मी म्हणते, की तरुणांचा प्रश्न आणि बायकांचा प्रश्न एकाच फेरफारात अडकलेला आहे.

मग आपण काय करायचं? वडील हयात असतानाच वाटपाची बोलणी घरात सुरू करायची. सगळ्यांची संमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होऊ शकतं. त्या बोलण्यांना लेकींना बोलवायचं, ते हक्क सोडायला नव्हे, सांगायला. म्हाताऱ्या जोडप्याचा वाटा आधी काढायचा, सासूचं नाव लावून. त्यांनी जमीन मुलाला बक्षीसपत्रानं दिली, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यायची. ती अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. आजोबांच्या भाकरीच्या प्रश्नाला एवढं उत्तर कायद्यात आहे, ते त्यांच्यापर्यंत पोचवणं आपलं काम. आणि मुलाच्या नावावर जमीन आली, की त्याच खेपेला सुनेचं नाव लावायचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. तो "नंतर बघू" वर ठेवला, की राहिलाच.

ज्या घरांना मुळात जमीनच नाही, त्यांना यातलं काहीच लागू होत नाही, हेही लक्षात ठेवू या. दलित, भूमिहीन कुटुंबातली मुलगी किंवा मुलगा शेती करू बघतो, ती तोंडी बटईनं. कागद नाही, म्हणून कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. बटईदारांची नोंद झाली पाहिजे, ही मागणी आपल्या यादीत पहिल्या पानावर हवी.

लग्न जमवणाऱ्या बैठकीत आजवर मुलीच्या बापाला हुंडा विचारला गेला. यापुढे मुलीनं मुलाकडच्यांना विचारावं, "पट्टी कुणाच्या खात्यात जाते? सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, आणि माझं कधी लावणार?" असं विचारणाऱ्या मुलीच्या पाठीशी तिच्या गावातली संघटना उभी आहे, हे त्या बैठकीत बसलेल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा बरोबर आणावा. आपण तो एकत्र बसून वाचू.