कोयता आणि सुरी कशी पारखावी

मंडळी, आपल्या घणसोलीत पूर्वी दाराआड एखादा कोयता असायचाच. भात कापायला विळा, फाटी फोडायला कोयता, मासळीला विळी. सिडको 1970 साली आली. पुढे भाताची शेते गेली, पण कोयता घरात राहिला. आज तुम्हाला नवा कोयता किंवा सुरी घ्यायची असेल, तर ती कशी पारखावी, हे आम्ही सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही खडू धरणारे. तुम्हाला कोयत्यातले काय कळते? खरे आहे. आम्हाला कळत नव्हते. त्यामुळेच आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो.

आमचा पुतण्या खाडीवर जातो. एका वर्षी तो आणि त्याचे मित्र मुरबाडकडच्या जंगलात दोन रात्री राहायला निघाले. तंबू, भांडी, तांदूळ सगळे जमवले. सुरी तेवढी राहिली. तो म्हणाला, "काका, तुम्ही चला. तुम्ही शिकलेले. चांगली पारखून द्या." आम्हाला बरे वाटले. आम्ही बाजारात गेलो. तिथे एक मोठी सुरी टांगलेली होती. पाते वीतभर. पाठीवर करवतीसारखे दाते. मूठ पोकळ; तिच्यात गळ, सुई आणि आगकाड्या. मुठीच्या टोकाला होकायंत्र! पोरगा म्हणाला, "काका, कवरी चकाकते बगा!" आम्हीही चकाकी पाहिली आणि पैसे दिले. मूठ पोकळ आहे, तर पाते आत कशाला धरून बसले आहे, हा प्रश्न आम्हाला सुचला नाही. सदतीस वर्षे आम्ही मुलांना प्रश्न विचारले. दुकानात मात्र एकही विचारला नाही.

दुसऱ्या रात्री सुकी फांदी फोडताना पाते मुठीपाशी मोडले. हात जोरात पुढे गेला. मोडलेल्या पात्याने उजव्या हाताची दोन बोटे आतून कापली. मित्रांनी त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे कातडी शिवली. बोटे वाकतात का, हे तिथे कोणी पाहिले नाही. आम्हीही विचारले नाही. बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, आत तुटल्या होत्या. कळले तेव्हा महिना उलटला होता. मग शस्त्रक्रिया झाली. आज ती बोटे अर्धीच वाकतात. होडी तो चालवतो. जाळे मात्र त्याची बहीण विणून देते.

आता पारख सांगतो.

पहिले पाहायचे ते मुठीकडे. धारेकडे नंतर. पात्याचे लोखंड मागे मुठीत जाते. त्याला आपण शेपटी म्हणू. ही शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी. काही सुऱ्यांत ती मुठीएवढीच रुंद असते. दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या आणि मधून रिपिटा मारलेल्या असतात. वरून बोट फिरवले की मधली लोखंडाची रेघ लागते. ही बांधणी सगळ्यांत भक्कम. कोयत्यात शेपटी निमुळती असते. ती मुठीतून आरपार जाऊन मागे वाकवलेली असली, तर पाते निसटत नाही. मुठीच्या तोंडाशी लोखंडाची कडी हवी. कडी नसली की लाकूड चिरते. लाकूड बाभळीचे असावे, सुकलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ पुढे सुकते, आकसते आणि सैल होते. दुकानातच मूठ धरून पाते हलवून पाहा. केसभर हलले तरी खाली ठेवा.

मिटता चाकू खिशात बरा. पेरू कापा, सुतळी कापा. पण त्याला मध्ये सांधा असतो. टोकावर जोर दिला, तर पाते बोटांवर मिटू शकते. रामपूरचा चाकू नावाजलेला, पण तोही मिटताच. जंगलात किंवा होडीत जायचे तर न मिटणारी सुरी घ्यावी.

सुरी किती मोठी घ्यावी? मोठी सुरी म्हणजे चांगली सुरी, ही समजूत खोटी. फिनलंड नावाचा थंड देश आहे. तिथे जंगलच जंगल. तिथले लोक कमरेला लहान सुरी लावतात. तिला पुक्को म्हणतात. तिचे पाते जेमतेम तळहाताएवढे. दोर कापणे, काठी तासणे, मासळी साफ करणे, सगळे तिनेच होते. आपल्यालाही 4 इंचांचे पाते आणि सूतभर जाडी पुरे. फाटी फोडायला सुरी वापरूच नये. ते काम कोयत्याचे. कोयत्याची पाठ दोन सूत जाड असली म्हणजे घाव बसतो. आम्ही पुतण्याला एक सुरी दिली आणि दोन्ही कामे तिच्यावर घातली, ही आमची दुसरी चूक.

आता लोखंड. नुसते मऊ लोखंड धार धरत नाही. पोलाद हवे. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या पाट्याचे पोलाद घेतात. ते चिवट असते. लोहार ते तापवतो, घडवतो. मग लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच पाणी देणे म्हणतात. पाणी दिल्यावर पोलाद कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवतात. तेव्हा घासलेल्या जागी रंग चढतो. आधी पिवळा, मग तांबूस, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचे, हे जाणता लोहार डोळ्यांनी ओळखतो. फार आधी थांबला, तर धारेचे तुकडे पडतात. फार उशीर केला, तर धार वळते.

हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? कानस घेऊन जा. विचारून, मुठीजवळ हलकेच घासा. धारेवर कानस घसरली पाहिजे. पाठीवर ती थोडी धरली पाहिजे. धारेवरही मेणासारखी रुतली, तर पाणी दिलेले नाही. कोयत्याचे पाते बिनमुठीचे मिळाले, तर दोरीला टांगून खिळ्याने वाजवा. खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला, तर आत चीर असू शकते. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेला बैल आणि घोंगड्यांबरोबर अवजारेही विकायला येतात. तिथे म्हातारे शेतकरी पाते कानाशी धरून वाजवतात. पोरे हसतात. हसू नये.

न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती सुरी सोयीची. तिला धार लावायला मात्र जास्त मेहनत पडते. साधे पोलाद पटकन धार घेते, पण गंजते. काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा.

शिकारीसाठी सुरी, असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. ससा मारला तरी गुन्हा होतो. राखीव जंगलात झाड तोडणे हाही गुन्हाच. शेतीचे अवजार घरी ठेवायला परवाना लागत नाही. पण कोयता उघडा मिरवू नका. पोलिसांचा शस्त्रबंदीचा हुकूम असेल, तेव्हा तर नकोच. हल्ली वर्तमानपत्रांत कोयत्याचे नाव भलत्याच कामांत येते. त्यात बिचाऱ्या कोयत्याचा काय दोष? गाडीतून न्यायचा तर पोत्यात गुंडाळून, बांधून न्या. रानात कमरेच्या आकडीत ठेवा. सुरीला म्यान हवेच.

आणि हात कापलाच तर? स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा. हात वर धरा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. आणि डॉक्टरांना स्वतः म्हणा, "बोट वाकते का ते पाहा. बधिर झाले आहे का तेही पाहा." वाकत नसेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कंडरा लवकर जोडली, तर बोट सुधारण्याची आशा जास्त असते. आम्ही हे तेव्हा बोललो नाही.

ती मोडकी सुरी आम्ही ठेवली आहे. आज बरोबर आणली आहे. हातोहात फिरवा आणि मुठीत डोकावून पाहा. शेपटी किती आत होती, ते दिसेल. अंगठ्याच्या एका पेराएवढी. पुढच्या खेपेला ज्यांच्या घरी जुना कोयता असेल, त्यांनी तो पोत्यात गुंडाळून घेऊन यावा. कानस आम्ही आणू.