कॉलेज बघायला जाताना



मला करिअरवर बोलायला बोलावलंय, पण मी दोन दिवसांच्या एका फेरीबद्दल बोलणार आहे. माझी भाची सोलापुरात बारावीला, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. दुल्हेभाईंचा मार्केट यार्डात फळांचा धंदा. पोरीला पुण्यात ठेवायचं म्हटलं की ते गप्प होतात. नाही म्हणत नाहीत, हेच अवघड. यंदा जानेवारीत मी आपाला फोन केला, "हो-नाही नंतर ठरवा. आधी तिघं येऊन बघून जा."

दुल्हेभाई म्हणाले, रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी येतो, संध्याकाळच्या गाडीने परत. मी म्हटलं, रविवारी बंद गेट बघाल. गुरुवार-शुक्रवार या, मुक्काम माझ्याकडे कोंढव्यात. त्यांचा दोन दिवसांचा धंदा बुडाला, पण आले. मी आधीच कॉलेजांच्या ऑफिसला ईमेल करून वेळ मागितली होती. नाहीतर वॉचमन गेटवरून परत पाठवतो. आधार कार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा.

हे मला का सुचलं, तेही सांगतो. अठराव्या वर्षी मी कॉलेज निवडलं ते गेटवरच्या प्लेसमेंटच्या बॅनरवरून. हॉस्टेल बघितलंच नाही. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलची जागा गेली आणि मी रूम शोधत फिरलो. फोनवर रूम रिकामी असायची. नाव सांगितलं की "कालच गेली." सहा ठिकाणी हेच झालं. तुमच्यातल्या पुष्कळांना हे माहीत आहे. म्हणून मी भाचीला वहीत पहिलाच प्रश्न लिहायला लावला: हॉस्टेल चारही वर्षं मिळतं का, की पहिल्या वर्षापुरतं? प्लेसमेंटचा प्रश्न मागाहून.

पहिल्या दिवशी स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगर, तिथून चालत सीओईपी. 1854 साली सुरू झालेली संस्था, आता विद्यापीठ. दगडी इमारत बघून दुल्हेभाई खूश. भाचीचं लक्ष मात्र नोटीस बोर्डावर, कुठले क्लब आहेत, कुणाच्या स्पर्धा आहेत. दुपारी सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून नळस्टॉप, पुढे रिक्षाने कर्वेनगर. तिथलं कमिन्स कॉलेज फक्त मुलींचं, 1991 पासूनचं. दुल्हेभाईंनी मनात तेच पक्कं करून टाकलं असावं, चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन कॉलेजं बघितली, त्यांची नावं राहू द्या. एका ठिकाणी मुलींच्या हॉस्टेलमध्ये आपा आणि भाची आत गेल्या. बापाला, मामूला कोण सोडणार? आम्ही बाहेर झाडाखाली. आपाने बाथरूमच्या कड्या ओढून बघितल्या, मेसची चपाती खाऊन बघितली. ही नजर माझ्याकडे नाही, म्हणून सांगतो, आईला नेल्याशिवाय जाऊ नका. बाहेर दुल्हेभाईंनी वॉचमनला विचारलं, रात्री गेट किती वाजता बंद? "साडेआठला." त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तेवढ्यात भाची एका सीनियर मुलीशी बोलून बाहेर आली आणि म्हणाली, "अब्बा, लायब्ररी दहापर्यंत उघडी असते. मुलं बसतात. मुली आठला उठून येतात." दुल्हेभाई काही बोलले नाहीत. पण हा हिशोब त्यांना कळला. धंदेवाईक माणूस आहे, दोघांना एकच भाव आणि एकाला माल कमी, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

तिला एक तास एकटीला फिरू दिलं, हेही मुद्दाम. आम्ही सोबत असलो की सीनियर मुली "सगळं छान आहे" म्हणतात.

संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात तिने सीईटीची पुस्तकं घेतली. त्याआधी कॅम्पात दुल्हेभाई कयानीच्या रांगेत श्रूजबेरीसाठी उभे राहिले. शहर थोडं आपलंही वाटायला पाहिजे, नुसती तपासणी नको.

पैशांचं रात्री घरी बसून बोललो. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च आपलाच. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी हे ओबीसी यादीत आहेत. आपल्या कित्येक घरांत हेच माहीत नसतं, किंवा माहीत असून दाखला काढलेला नसतो. जात पडताळणीला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर गाडी निघून गेलेली असते.

परतीच्या गाडीतून भाचीने मला तिची यादी पाठवली. पहिलं सीओईपी, दुसरं कमिन्स, तिसरं सोलापूरचं वालचंद. तिसरं मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मामू, मार्क कमी पडले तर पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजापेक्षा तिथली लायब्ररी बरी. मी बघून आलेय." साडेआठचं गेट असलेलं कॉलेज यादीत नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात दुल्हेभाईंचा फोन. मला वाटलं, नकार. ते म्हणाले, "नॉन-क्रीमी लेयरला उत्पन्नाचा दाखला किती वर्षांचा लागतो रे? सेतूत उभा आहे."